नावाची जागा

मंगळवार, २ फेब्रुवारी १९५४

सगुणाच्या नवऱ्याला विमा कंपनीकडून दोन डायऱ्या मिळाल्या, त्यातली एक तिने मला आणून दिली. म्हणाली, "वहिनी, तुम्हाला बोलायला माणूस लागतं आणि तुमच्या घरात ते नाही." कार्टी मेली! शेजारीण आहे म्हणून सोडली. पण बोलली त्यात खोटं काय? आमचे हे दिवसातून मोजून दहा वाक्यं बोलतात. त्यातली तीन "भात पुरे" अशी.

तर आजपासून मी ह्या वहीशी बोलणार. कुणाला सांगायचं नाही. तांदळाच्या डब्यात पेन्सिलीसकट खुपसून ठेवणार.

आमची हकीकत अशी. आम्ही डोंबिवलीला चाळीत दोन खोल्यांत राहतो. हे कल्याणला खाडीवरच्या लाकडाच्या वखारीत नऊ वर्षं होते. मालक वारले, मुलांनी जागा विकली, आणि मार्गशीर्षापासून हे घरी आहेत. राजापूरहून थोरल्या भाऊजींचं पत्र आलंय: पाडव्यापर्यंत नोकरी लागली नाही तर बिऱ्हाड उचलून गावी या, इथे नारळी-पोफळीला माणूस हवाच आहे. भाऊजी मनाने चांगले आहेत. पण मला नाही जायचं. इथे माझी सगुणा आहे, वाचनालय आहे, विहिरीवरच्या गप्पा आहेत. तिथे जाऊबाई आहेत. एवढंच लिहिते.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

रिकामा पुरुष घरात म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक! आज विहिरीवरून आले तर मांडणीवरच्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या. "रवा जाड". "रवा बारीक". "मोहरी, राजापूरची". "मोहरी, इथली". खळ लावून, रेषा आखून, अगदी ओळीत.

मी म्हटलं, "अहो, मी काय आंधळी आहे? आठ वर्षं ह्याच डब्यातली मोहरी घालतेय."

हे म्हणाले, "सापडायला बरं."

झालं. दिवसभराचं भाषण संपलं. आणि खरं सांगू? संध्याकाळी फोडणी करताना पहिल्याच फटक्यात डबा हाताला लागला. ते मी कबूल केलं नाही.

तांदळाच्या डब्यावरही चिठ्ठी आहे. वही जागेवर होती. नशीब, ह्यांनी आत हात घातला नाही.

शनिवार, १३ फेब्रुवारी

आज मी चिडले आणि ती चीड अजून उतरलेली नाही.

सगुणाने पेपर आणून दिला. ठाण्याला काचेच्या बाटल्यांचा नवा कारखाना निघालाय, त्यांना स्टोअरकीपर हवाय. म्हणजे आलेला माल नीट लावायचा, सांभाळायचा, मागेल त्याला मागेल तेव्हा काढून द्यायचा. मी वाचलं आणि पाटावरून उठलेच! ही नोकरी कुणीतरी आमच्या घरात डोकावून काढलीय असं वाटलं. खाली लिहिलंय, "संपूर्ण माहितीसह इंग्रजी अथवा मराठीत अर्ज करावा."

ह्यांनी अर्ज लिहिला. मी तो उचलून वाचला. पहिल्या दोन ओळी कल्याणच्या कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याच्या नमुन्यातल्या: "मेहेरबान साहेबांचे सेवेशी. अर्जदार हा अत्यंत गरीब असून साहेबांच्या कृपेचा भुकेला आहे." मग पुढे: "वखारीत नऊ वर्षे काम केले. लिहिता-वाचता येते." संपलं! हाच नमुना ह्यांनी आधी तीन ठिकाणी धाडलाय. एकाकडूनही उत्तर नाही. कसं येणार? गरीब आणि भुकेले तर सगळेच आहेत, त्यात ह्यांचं वेगळं काय?

"अहो, नऊ वर्षं तिथे काय माशा मारल्या का? केलंत ते लिहा की!"

"आपलं आपण कसं लिहायचं?" हे म्हणाले. "बरं दिसत नाही."

आणि तो कागद घडी करून देव्हाऱ्याशी ठेवला. डोकं फोडून घ्यावंसं वाटलं. आपल्याकडे लहानपणापासून एकच शिकवतात, आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये. बरं, मग करायची कुणी? शेजारच्याने? त्याला काय पडलंय?

मंगळवार, १६ फेब्रुवारी

आवडामावशी आली होती. कल्याणची माझी मावशी म्हणजे लग्नं जुळवणारी. दूधनाक्यापासून टिटवाळ्यापर्यंत तिने जमवलेली जोडपी नांदतायत. आमचंही तिनेच जमवलं. हे बाहेर गेलेले पाहून मी तिच्यापुढे सगळं रडगाणं गायले आणि तो चार ओळींचा अर्ज दाखवला.

मावशीने तो हातभर लांब धरून वाचला आणि कपाळाला हात लावला. "अगं पोरी, ह्याला अर्ज म्हणतात? असं स्थळ मी सांगितलं तर लोक पान खाऊन उठतील."

"मग कसं सांगायचं?"

"मुलगा गुणी आहे, असं कधी म्हणायचं नाही. सगळेच म्हणतात. म्हणायचं, आई आजारी होती तेव्हा सहा महिने भाकऱ्या हा थापत होता. मग ऐकणाराच म्हणतो, काय गुणी मुलगा! ते त्याला म्हणू द्यावं. आपण नुसतं घडलेलं सांगावं. आणि एक खोट सांगायची. बिनखोटीचं स्थळ म्हटलं की माणूस शेजारीपाजारी चौकशीला जातो. एक खोट आपणहून सांगितली की बाकीचं सगळं त्याला पटतं."

"आमच्या वेळी ह्यांची कुठली खोट सांगितलीस गं?"

"बोलत नाही म्हणून सांगितलं होतं. तुझी आई म्हणाली, बरंच आहे, आमची दोघांचं बोलते."

असं म्हणून मावशी खो खो हसली आणि दोन लाडू बांधून घेऊन गेली. मी बसले ती बसलेच. स्थळ सांगणं आणि अर्ज लिहिणं, दोन्ही एकच की! आणि स्थळ मुलगा कधी स्वतः सांगतो का? दुसऱ्याने सांगायचं असतं. मी सांगेन!

गुरुवार, १८ फेब्रुवारी

हे कल्याणपलीकडे मोहने गावी कुणा ओळखीच्याकडे कामाचं विचारायला गेले. दुपार माझी. दार लावून घेतलं आणि बसले. पेन्सिलीला छान टोक होतं. मी कधी काढलं आठवत नाही, काढलं असेल.

फाटक्या वहीत तीनदा लिहून मग चांगल्या कागदावर उतरवलं, दोन पानं. अक्षर माझं बरं आहे, सातवीच्या फायनलला मास्तरांनी वर्गात दाखवलं होतं. नक्कल इथे ठेवते.

"मी अर्जदाराची पत्नी आहे. अर्जदार स्वतःविषयी बोलत नाहीत, म्हणून मी लिहीत आहे. माझ्यावर पक्षपाताचा आरोप येईल, तरी खाली फक्त घडलेले लिहिले आहे.

"तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात खाडीचे पाणी कल्याणच्या वखारींत शिरले. चार वखारींची लाकडे वाहून एकत्र झाली. कोणते कोणाचे, यावरून मारामारीची वेळ आली होती. अर्जदाराने तीन दिवस चिखलात उभे राहून ज्याचे त्याला वेगळे करून दिले. चौघांपैकी एकाचीही तक्रार नाही. अर्जदाराचे मालक आता नाहीत, बाकीचे तिघे हयात आहेत, विचारावे.

"अर्जदार डोळे मिटून वासावरून सात जातींची लाकडे ओळखतात.

"आपला माल फुटणारा आहे म्हणून लिहिते. लग्नात आम्हांस चिनी मातीचे सहा कप मिळाले. आठ वर्षांनी पाच आहेत. सहावा मी फोडला.

"वखारीतील कोणतीही वस्तू मागितल्यास अर्जदार ती दिव्यावाचून काढून देत. घरातही तसेच. चाळीत कोणाचे काही हरवले तर प्रथम आमच्याकडे येतात.

"एक दोष आहे. अर्जदार बोलत नाहीत. विचारले तर सांगतात, कधी कधी विचारले तरी नाही. परंतु माल बोलत नसतो, त्यामुळे त्याचे व अर्जदाराचे पटेल असे वाटते."

लिहिताना एक गंमत झाली. सुरुवातीला चिडूनच लिहीत होते. मग तो चिखलातला प्रसंग आला आणि आठवलं, चौथ्या दिवशी हे घरी आले तेव्हा पायांची सालं निघाली होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "पाणी होतं जरा." मी पेन्सिल खाली ठेवली आणि रडले. एवढा माणूस आठ वर्षं घरात आहे आणि मी त्याला भाताच्या हिशेबाने ओळखतेय!

आणि "अर्जदार" हा शब्द काय सोयीचा आहे! "हे" म्हणायला नको, नाव घ्यायला नको. नवऱ्याचं नाव मी कधी तोंडाने घेतलेलं नाही, उखाण्यात घेतलं तेवढंच. लिहिलेलं तर मुळीच नाही. वर नावाची जागा मोकळी सोडली आहे, ती सगुणाकडून भरून घेईन. पत्ता मात्र मीच लिहिला, पत्त्याची काही लाज नाही.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

टाकला! हे अंघोळीला गेलेले पाहून पाकीट पदराखाली घेतलं आणि धावत पोस्टात गेले. सगुणा वाटेत भेटली, "वहिनी, कुठे?" म्हणाली, तिला हात हलवला आणि पुढेच. डाक निघायला पाच मिनिटं होती. परत आले तर हे पंचा गुंडाळून दारात. "कुठे गेलीस?" म्हणाले. म्हटलं, "कोथिंबीर." हातात कोथिंबीर नव्हती. हे काही बोलले नाहीत. न बोलण्याचा स्वभाव कधी कधी फार उपयोगी पडतो.

शनिवार, २७ फेब्रुवारी

काही नाही. पोस्टमन आला की मी दारात. आज तो नुसता पाणी प्यायला थांबला होता.

बुधवार, ३ मार्च

भाऊजींचं दुसरं पत्र. पाडव्याआधी दोन दिवस बैलगाडी राजापूरच्या स्टँडवर पाठवतो म्हणतात. हे ते वाचून बराच वेळ दारात उभे राहिले. मग ट्रंकेतल्या सगळ्या कपड्यांची यादी करून झाकणाच्या आतून चिकटवली. मी ते पाहून झाकण धाडकन लावलं. हे आवरायलाच लागले!

मी म्हटलं, "अजून महिना आहे."

"हो," म्हणाले. थोड्या वेळाने, "तुला इथे आवडतं ना?"

मी "छे, तसं काही नाही" म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

सोमवार, ८ मार्च

पत्र आलं! पोस्टमन दारात उभा राहून पाकीट उलटंसुलटं करत होता. "वहिनी, खोली तुमची, चाळ तुमची, पण नावच नाही हो." पाहते तर खरंच. "श्री." आणि पुढे नुसती रेघ. मी म्हटलं, "काय बेपर्वा लोक! कारखाना काढतात आणि माणसाचं नाव लिहायला विसरतात!"

हे भाजीला गेले होते. फोडून वाचलं. मजकूर असा:

"आपला अर्ज पोचला. आलेल्या चौसष्ट अर्जांपैकी वाचता वाचता चहा गार झाला असा हा एकच. अर्जदाराचे गुण, एक दोष व घरातील कपांची संख्या समजली. नाव मात्र दोन्ही पानांत कोठे सापडले नाही. तरी अर्जदाराने दिनांक ११ रोजी सकाळी अकरा वाजता नावासह हजर राहावे. अर्ज लिहिणाऱ्या बाईंनीही यावे, म्हणजे ओळख पटेल."

अगं आई गं! सगुणाकडे गेलेच नव्हते मी! मोकळी जागा तशीच धाडली! सगुणा आली, तिने पत्र वाचलं आणि हसता हसता तिला उचकी लागली. तिला पाणी देऊन मीही हसले. मग एकदम थंड पडले. आता ह्यांना सांगायला हवं.

मंगळवार, ९ मार्च

काल सांगितलं. जेवणं झाल्यावर पत्र आणि फाटक्या वहीतली अर्जाची नक्कल दोन्ही पुढे ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून सुपारी कातरत बसले.

हे वाचत राहिले. एकदा, दोनदा, तीनदा. सुपारी संपली.

शेवटी म्हणाले, "हा माणूस माझ्या ओळखीचा वाटत नाही."

मी उसळलेच! "त्यातलं खोटं कुठलं ते दाखवा! बोट ठेवा! एक जरी शब्द खोटा निघाला तर मी स्वतः राजापूरला जाऊन पोफळीवर चढेन!"

ह्यांनी पुन्हा वाचलं. बोट ओळीवरून फिरत होतं. मग एके ठिकाणी थांबलं.

"हे चूक आहे."

"काय?"

"लाकडं. सात नाही." घसा खाकरला. "नऊ."

मी वळून पाहिलं. हे हसत होते! आठ वर्षांत मी ह्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, की पाहिलंच नव्हतं मी नीट, देव जाणे. मग डोळे पुसायला बाहेर गेले आणि तुळशीला पाणी घालून आले. तुळशीला सकाळीच मी घातलं होतं.

गुरुवार, ११ मार्च

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर घोळ व्हायचा.

ठाण्याला साडेदहालाच पोचलो. ह्यांनी धुतलेलं धोतर, मी लग्नातली जांभळी नऊवारी. कारखाना अजून अर्धा बांधायचाच आहे, सगळीकडे गवताच्या पेंढ्या आणि पेट्या. मॅनेजर साहेब जाड चष्म्याचे, टक्कल पडलेले, आणि टेबलावर माझा अर्ज! कोपऱ्याला चहाचा डागसुद्धा होता. साहेबांनी ह्यांना काहीच विचारलं नाही. शिपायाला म्हणाले, "ह्यांना गोदाम दाखव." आणि मला खुर्ची दिली.

अर्धा तास गेला. साहेब सह्या करत होते आणि मधेच विचारत होते, "कप कसा फुटला?" सांगितलं, भांडताना. "कोणाशी?" म्हटलं, "एकटीच भांडत होते. हे कुठे भांडतात!"

मग हे आले. बाह्या वर, अंगाला गवत. शिपाई मागून सांगत आला, "साहेब, ह्यांनी एक मांडणी सगळी लावून टाकली, आता मला डोळे मिटून सापडेल!" साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "गवत ओलं आहे. पेट्यांखाली फळ्या हव्यात. मोठ्या बाटल्या खाली घ्या. वरची पेटी तडकली आहे."

साहेब जाऊन पाहून आले. वरची पेटी उघडली, आत खरंच तीन बाटल्या तडकलेल्या. खुर्चीत बसत म्हणाले, "बाई, तुमचे यजमान चार वाक्यं बोलले, चारही कामाची. आमच्याकडे दिवसभर बोलणारे पुष्कळ आहेत." मग दौत पुढे ओढली. "आता एवढंच राहिलं. नाव?"

ह्यांनी तोंड उघडलं. साहेबांनी हात वर केला. "तुम्ही नाही. ज्यांनी जागा मोकळी सोडली त्यांनीच ती भरायची. लग्नघरात नाव घेतल्याशिवाय दार सोडत नाहीत, तसंच समजा."

दारात शिपाई, दोन कारकून, एक गवत वाहणारी बाई, सगळे उभे! मी लाजेने अर्धी झाले. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरली. मग म्हटलं, पाडवा येतोय, बैलगाडी येतेय, आता लाजायचं की राहायचं? पदर खोचला आणि उभं राहून म्हटलं,

"दोन पानं गुण लिहिले, राहून गेलं नाव,
पंढरीनाथांना ओळखू दे आता सारं ठाणे गाव!"

टाळ्या काय, हसू काय! गवतवाली बाई म्हणाली, "कशी बोल्ली गं माझी बाय!" साहेबांनी मोकळ्या जागेत ठळक अक्षरात नाव लिहिलं आणि कागद ह्यांच्यापुढे सहीला सरकवला. एक एप्रिलपासून हजर व्हायचं.

बाहेर पडल्यावर आम्ही मासुंद्याच्या तळ्याकाठी बसलो. ह्यांनी शेंगा घेतल्या, सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत होते. मी बडबडत होते, साहेब असे, शिपाई तसा, भाऊजींना काय लिहायचं. मधेच हे म्हणाले, "शेवंती, पाय दुखले का गं तुझे?"

आठ वर्षं "अगं" आणि "ऐकलं का" ऐकलं होतं. माझं नाव ह्यांच्या तोंडून कसं ऐकू येतं ते मला ठाऊकच नव्हतं. दाणे हातातच राहिले. "नाही दुखले," म्हटलं. खरं म्हणजे चपलेने चांगलाच फोड आला होता.

रविवार, ४ एप्रिल. पाडवा

गुढी उभारली. भाऊजींना पत्र गेलं, ते रागावले नाहीत, उलट नारळांची करंडी पाठवली. आवडामावशी येऊन गेली, म्हणाली, "माझ्या जमवलेल्या स्थळाला काम मिळालं, आता माझी साडी काढा." श्रीखंड खाऊन दुपारी झोपलीसुद्धा इथेच. हे तीन दिवस कामावर गेले. काल सतरा वाक्यं बोलले, मी मोजली, सगळी बाटल्यांबद्दल.

मावशी घोरत होती, हे सगुणाच्या नवऱ्याबरोबर बाहेर गेले होते, म्हणून लिहायला वही काढली. तांदळाच्या डब्यात हात घातला आणि कव्हरला काहीतरी खरखरीत लागलं. काढून पाहते तर चिठ्ठी! खळ लावून, रेषा आखून, अगदी सरळ चिकटवलेली.

"शेवंतीची वही. तिला विचारल्याशिवाय उघडू नये."

पेन्सिलीला आजही टोक काढलेलं आहे.